नगरपरिषदेच्या कर विभागात निवड झाली आहे, रुजू व्हावं का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. नगरपरिषद कर निर्धारण व प्रशासकीय सेवेत श्रेणी क वर निवड झाली, ब वर्गाची (मध्यम आकाराची) नगरपरिषद मिळाली. घरचे म्हणतात, दारोदार घरपट्टी मागत फिरायचं काम कशाला घेतेस. मैत्रिणी डोळा मारून म्हणतात, मलईचं खातं आहे. आणि तुम्हाला राज्यसेवेचा अभ्यास सोडायचा नाही. तेव्हा रुजू व्हावं का, काम नेमकं काय असतं, मुलगी म्हणून फिरती जमेल का आणि वाट पुढे कुठवर जाते, हे तुम्हाला विचारायचं आहे.

रुजू व्हा. बाकीचं उत्तर लांब आहे, कारण घरच्यांचं आणि मैत्रिणींचं, दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे.

मी 1990 साली एका छोट्या नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून म्हणून लागलो. रात्रपाळी, ट्रकची रांग, बिल्टी (मालाची पावती) तपासायची, पावती फाडायची. त्या काळी पालिकेत रोज रोख पैसा यायचा तो जकातीतून, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या करातून. पगार, दिवाबत्ती, ठेकेदारांची बिलं, सगळं तिच्यावर चालायचं. घरपट्टी विभाग म्हणजे मागच्या खोलीतले दोन म्हातारे कारकून आणि वाळवी लागलेल्या वह्या. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि नाक्यावरचे आम्ही सगळे त्या मागच्या खोलीत येऊन बसलो. खुर्च्या सहा, माणसं एकोणीस. जकातीच्या बदल्यात शासनाचं सहायक अनुदान सुरू झालं. महानगरपालिकांत जकात आणखी काही वर्षं टिकली, मग 2010 पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटीत ते सगळंच संपलं. त्यामुळे आज शहराला स्वतःचा म्हणावा असा मोठा कर एकच उरला आहे, तो म्हणजे मालमत्ता कर. मी लागलो तेव्हा अडगळीत असलेलं टेबल तुम्हाला मिळतंय, पण आता सीओ (मुख्याधिकारी) साहेबांची पहिली नजर त्याच टेबलावर जाते.

पुढे पालिका कर्मचाऱ्यांचे राज्यस्तरीय संवर्ग झाले, त्यात माझं समावेशन झालं, कर निरीक्षक झालो, शेवटी कर व प्रशासकीय अधिकारी म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षं, पाच गावं.

आता काम. बाहेरून दिसते ती वसुली. मार्च महिन्यात जीपवर भोंगा लावून फिरणारं पथक, सील केलेला गाळा, पेपरात थकबाकीदारांची यादी. पण वसुली हा शेवटचा भाग. त्याआधी कुणाकडून, कशाचा, किती कर घ्यायचा हे ठरवावं लागतं, आणि ते ठरतं आकारणीत. आकारणी तुम्हाला नीट आली तर उरलेली नोकरी सुकर होते. नाही आली तर तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेले आकडे घेऊन लोकांच्या दारात भांडत राहाल.

नगरपरिषदांना 1965 चा अधिनियम लागू आहे (महानगरपालिकांचा वेगळा, त्यांची भरतीही वेगळी, त्यात जाऊ नका). त्यानुसार घराचं वार्षिक भाडेमूल्य काढायचं. म्हणजे ते घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल. प्रत्यक्षात झोन पाडलेले असतात आणि प्रत्येक झोनमध्ये आरसीसी, लोडबेअरिंग, पत्र्याचं, कच्चं असे बांधकामाचे प्रकार आणि निवासी-बिगरनिवासी असा वापर, यांवर दर ठरलेले असतात. समजा 50 चौरस मीटरचं आरसीसी घर आहे आणि त्या झोनचा दर वर्षाला चौरस मीटरमागे 300 रुपये. भाडेमूल्य झालं 15,000. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, राहिले 13,500. हे करयोग्य मूल्य. पालिकेचा एकत्रित मालमत्ता कर 24 टक्के धरला तर 3,240 रुपये. त्यावर वृक्ष कर, शिक्षण कर, आणि बिगरनिवासी असेल तर रोजगार हमी कर. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या शहराचे दर वेगळे असतील. यातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर शासनाचा असतो. आपण गोळा करून शासनाकडे भरायचा. अडचणीतल्या पालिका हा पैसा पगाराला वापरून टाकतात आणि ऑडिटला दरवर्षी तोच आक्षेप येतो. हे तुम्हाला पहिल्याच वर्षी दिसेल, आश्चर्य वाटून घेऊ नका.

दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. तिला सगळे चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. घरोघर मोजणी होते, यादी तयार होते, नगररचना विभागाचे प्राधिकृत मूल्य निर्धारण अधिकारी ती तपासतात, यादी प्रसिद्ध होते, हरकती मागवतात, सुनावणी होते आणि मग यादी अंतिम होते. हल्ली मोजणीचं काम खासगी एजन्सीला देतात. ड्रोन, जीआयएस, मोबाइल ॲप सगळं असतं. ड्रोन छप्पर बरोबर मोजतो. पण छपराखाली तीन भाऊ तीन चुली मांडून राहतात की पुढच्या खोलीत एकाचं झेरॉक्सचं दुकान आहे, हे त्याला कळत नाही. एजन्सीचा मुलगा दार बंद असलं की अंदाजाने भरतो. मी एका गावात गोठ्याची आकारणी व्यापारी गाळा म्हणून झालेली पाहिली आहे. मालक सुनावणीला आला तो म्हशीचा फोटो घेऊन.

सुनावणी मनापासून शिका. हॉलमध्ये दिवसाला दोन-दोनशे लोक येतात, त्यातले निम्मे चिडलेले. त्यांचा राग कर वाढल्याचा असतोच, पण बऱ्याचदा शेजाऱ्याला कमी का लागला याचा जास्त असतो. तेव्हा शेजारची आकारणी समोर ठेवून दोन्हींतला फरक समजावता आला पाहिजे. फरक खरोखरच चुकीचा असेल तर तिथेच मान्य करून टिपण लिहा. चूक कबूल केली की लोक डोक्यावर बसतात असं जुने साहेब सांगायचे. मला तसा अनुभव नाही. एकदा शंभरातली दहा नावं दुरुस्त केली की उरलेल्या नव्वदांना आकारणीत काहीतरी हिशेब आहे हे पटतं. आणि नोटीस बजावल्याचा पुरावा जपा. घर बंद असेल तर दर्शनी जागी नोटीस चिकटवून दोन पंचांच्या सह्यांचा पंचनामा करा. वाढीव आकारणी आकड्यात बरोबर असूनही नोटीस मिळालीच नाही म्हणून कोर्टात पडलेली मी पाहिली आहे, आणि त्या फाइलवर माझीच सही होती.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. तिला आमच्यात कुणी नाव घेऊन बोलत नाही. ती म्हणजे खोटी मागणी.

मार्चअखेर तुमचं मूल्यमापन एका आकड्यावर होतं: वसुलीचा टक्का. एकूण मागणीपैकी, म्हणजे यंदाचा कर आणि मागची थकबाकी मिळून येणं असलेल्या रकमेपैकी, किती वसूल झालं. समजा मागणी 4 कोटी, त्यात मागील थकबाकी अडीच कोटी. वसुली 2 कोटी, म्हणजे 50 टक्के. साहेब म्हणणार, काय झोपा काढता का? पण त्या अडीच कोटींत काय आहे ते कुणी उघडून बघत नाही. पंधरा वर्षांपूर्वी पडलेला वाडा, त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटची नवी आकारणी झाली तरी वाड्याचं खातं चालूच. एकाच घराच्या दोन नोंदी, एक बापाच्या नावे, एक मुलाच्या नावे. पालिकेचीच शाळा, पालिकेचाच दवाखाना, मागणीत धरलेला. रस्तारुंदीत गेलेली दुकानं. आणि या सगळ्यावर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) चढत असते, म्हणजे पन्नास महिन्यांत शास्ती मुद्दलाएवढी. मेलेल्या खात्यावरही चढते. तेव्हा तुम्ही कितीही पळा, टक्का वर येणारच नाही, कारण भागाकारातला खालचा आकडाच फुगलेला आहे.

गावात ज्या निरीक्षकाने ही नोंदवही साफ केली त्याचा टक्का पुढे आपोआप वाढतो. पण हे काम किचकट आहे आणि त्यात धोकाही आहे. मागणी कमी करायला तुम्हाला एकट्याला अधिकार नाही. कारकुनाने संगणकात बसून खातं बंद केलं की तो अपहाराच्या संशयात आलाच. प्रत्येक खात्याची स्वतंत्र फाइल हवी: जागेवर जाऊन पंचनामा, फोटो, जुन्या-नव्या मालमत्ता क्रमांकांचा मेळ, अभियंत्याचा अभिप्राय, मग सक्षम मंजुरी, आणि खरंच वसूल न होणारी रक्कम असेल तर निर्लेखनाचा (ती वहीतून कायमची काढून टाकण्याचा) रीतसर प्रस्ताव. पहिल्या वर्षी टक्का वाढत नाही. उलट लोक म्हणतात, ही बाई मागणी कमी करत सुटली, पालिकेचं नुकसान करते. म्हणून आधी सीओंना लेखी टिपण देऊन सांगा की एवढ्या खात्यांची तपासणी मी हाती घेत आहे. मी हे टिपण न देता सुरुवात केली होती आणि एका नगरसेवकाने सभेत माझ्यावर प्रश्न लावला. उत्तर द्यायला कागद होते म्हणून वाचलो.

नवी नगरपंचायत असेल तर हा घोळ दुप्पट. 2014 नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या बऱ्याच ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. तिथे पाया म्हणून हातात येतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीची वही. त्यात घर क्रमांक 212 च्या पुढे 212/1, 212/1अ, 212/1अ/2 अशी वंशावळ असते आणि कुठलं घर कुठलं, हे फक्त जुन्या शिपायाला माहीत असतं. त्या शिपायाला चहा पाजा. त्याच्याबरोबर गल्ल्या फिरा. तो निवृत्त व्हायच्या आत नकाशावर सगळं उतरवून घ्या.

दुसरा रोजचा विषय म्हणजे नाव नोंद, म्हणजे हस्तांतर. इथे तुम्हाला गावातली सगळी भाऊबंदकी भेटणार. लोकांच्या डोक्यात घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकीचा कागद असं पक्कं बसलेलं आहे. तो तसा नाही. कर कुणाकडून घ्यायचा एवढ्यासाठीची ती नोंद आहे, म्हणून तर तिच्यात भोगवटादाराचा (प्रत्यक्ष राहणाऱ्याचा) रकाना असतो. तरीही त्याच उताऱ्यावर पतसंस्था कर्ज देते, महावितरण मीटर देतं, आणि घरातल्या वाटणीचं भांडण त्याच्यावरूनच पेटतं. माझ्या हातून इथेच मोठी चूक झाली. एक गृहस्थ वडील वारल्यावर नाव लावायला आले, सोबत दोन बहिणींचं शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं हक्कसोडपत्र. माणूस ओळखीचा, रोज नमस्कार करणारा. मी नोंद केली. दीड वर्षाने धाकटी बहीण आली, म्हणाली, ही सही माझी नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो, नोटरीचा कागद चालत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. फक्त त्या दिवशी मी बघितलं नाही. खुलासा, चौकशी, एक वेतनवाढ रोखली गेली. गंमत म्हणजे मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे साध्या कागदावरचं मृत्युपत्र घेऊन आलेल्या माणसाला हाकलूनही देता येत नाही. अशा वेळी सगळ्या वारसांना नोटीस काढायची, जाहीर प्रगटन द्यायचं, हरकत आली तर पक्षकारांना दिवाणी न्यायालयाची वाट दाखवायची आणि जुनी नोंद तशीच ठेवायची. मालकीचा निवाडा करायचा मोह आवरा. तो आपला प्रांत नाही.

आता वसुली. ऑक्टोबरपर्यंत सगळी बिलं पोचली नसतील तर मार्चमध्ये जीप फिरवून उपयोग नाही. बिल वाटपाचं रजिस्टर ठेवा, सही घ्या, परत आलेली बिलं वेगळी काढा. परत आलेली बिलं हीच तुमच्या खोट्या मागणीची पहिली यादी. त्यानंतर मागणीची नोटीस, मग अधिपत्र (जप्तीचा लेखी हुकूम), मग जप्ती, या क्रमातली एकही पायरी गाळू नका. जप्तीला जाताना अंधार पडायच्या आत काम उरका. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं यांना हात लावायचा नाही. प्रत्यक्षात फ्रिज उचलायची वेळ क्वचित येते. दहातले सात जण पथक दारात बघून चेक लिहितात आणि दोघं नगरसेवकाला फोन लावतात. गाळे सील करणं सोपं आणि परिणामकारक असतं. घराला ते करायला माझा हात कधी धजला नाही. काही पालिका थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवतात. मला ते पटत नाही. ज्याची ऐपत असून भरत नाही तो ढोल ऐकून हसतो आणि ज्याची नोकरी गेली आहे तो गल्लीतून उठतो.

मोठ्या थकबाकीदारांकडे आधी जा, हे सगळे सांगतील. कोण मोठे हे मात्र यादी काढल्यावर कळतं. शंभर खाती काढली तर वरच्या दहांत सरकारी कार्यालयं, एखादी शिक्षण संस्था, बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी आणि मोबाइल टॉवर निघतात. रेल्वे किंवा पोस्टाच्या इमारतीला घरपट्टीचं बिल पाठवून वर्षानुवर्षं थकबाकी दाखवणाऱ्या पालिका आहेत. संविधानाच्या अनुच्छेद 285 मुळे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर कर बसत नाही, सेवांपोटी सेवा शुल्क घेता येतं, त्याचा करार करावा लागतो. टॉवरचं उलट. टॉवर कंपन्या अनेक वर्षं कोर्टात होत्या, पण डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॉवरवर मालमत्ता कर घेता येतो असं ठरवलं. हे माहीत असलेला निरीक्षक एका पत्रात जेवढी रक्कम आणतो तेवढी पथक महिनाभर फिरून आणत नाही.

अभय योजनेबद्दल माझं मत कडवट आहे. शास्ती माफ केली की दोन महिने काउंटरवर रांग लागते, आकडा छान दिसतो. पण दरवर्षी एप्रिलमध्येच कर भरणारी पेन्शनर बाई मला खिडकीतून विचारायची, साहेब, मीच मूर्ख का? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व (अजून कोर्टात न गेलेली) प्रकरणं ठेवून तडजोड करणं त्यापेक्षा बरं वाटतं, कारण तिथे प्रत्येक खात्याचा विचार तरी होतो. आणखी एक दडपण वरून येतं. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी शहरांना अनुदान देताना अट घातली की मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित झाले पाहिजेत आणि वसुलीतली वाढ राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीला धरून असली पाहिजे. त्यामुळे मार्चमध्ये नगरपरिषद प्रशासन संचालनालयापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत व्हीसी (व्हिडिओवरच्या बैठका) चालू असतात. त्या व्हीसीत आकडा सांगताना तोंडातून फुगवलेला आकडा जाऊ देऊ नका. एप्रिलमध्ये बँकेच्या भरण्याशी ताळमेळ लागतोच.

मलईबद्दल. हो, पैसे देऊ करणारे रोज भेटतात, आणि मागणारेही खात्यात आहेत. दुकान निवासी दाखवा, क्षेत्रफळ कमी लावा, नोंद लवकर करा, हे नेहमीचे प्रकार. खरा धोकादायक प्रकार वेगळा: मागच्या तारखेची आकारणी. घर जुनं असल्याचा पुरावा म्हणून कर पावती चालते, म्हणून लोकांना ती जुनी हवी असते. गुंठेवारी (गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची विनापरवाना घरं) नियमित करण्याची मुदत 2021 मध्ये 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाढवून मिळाली, तेव्हा तर आमच्या विभागात जत्राच भरली. प्रत्येकाचं घर 2020 च्या आधीचं. अशी नोंद ज्याने केली त्याला पैसे एकदाच मिळतात आणि फाइल त्याच्या मागे निवृत्तीनंतरही फिरते. माझ्या एका सहकाऱ्याला लाचलुचपत विभागाने तीन हजारांत पकडलं. पावडर लावलेल्या नोटा टेबलाच्या खणात सापडल्या. तो माणूस कामाला माझ्यापेक्षा हुशार होता. निलंबन, निम्मा पगार, अकरा वर्षं खटला. घरचे लोक लग्नाला बोलावेनासे झाले, हे तो सांगायचा, ते मला कोर्टापेक्षा जास्त लक्षात राहिलं. तुमच्या खिडकीशेजारी 1064 चा, म्हणजे लाचेची तक्रार करायच्या फोन नंबरचा, बोर्ड लावलेला असतो. तो तक्रारदारासाठी आहे, पण स्वतःलाही रोज दिसेल असा राहू द्या.

त्याहून जास्त लोक अडकतात ते लाचेत नव्हे, आळसात. वसुली लिपिकाने शुक्रवारी जमा केलेली रोकड सोमवारी भरली, मधल्या दोन दिवसांत त्यातले पाच हजार घरी वापरले आणि पगार झाल्यावर परत टाकले. त्याच्या मते काही झालं नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या भाषेत तो तात्पुरता अपहार आहे आणि देखरेख न केल्याबद्दल निरीक्षक म्हणून तुम्हीही त्यात आलात. रोजची पावत्यांची बेरीज, किर्द (रोजची रोकडवही) आणि बँकेचं चलन हे तिन्ही रोज संध्याकाळी स्वतः पडताळा. ऑनलाइन भरणा वाढल्यापासून हे काम हलकं झालंय, संपलेलं नाही.

तुम्ही मुलगी म्हणून फिरतीचं विचारलंत. फिरती आहे, आणि काही गल्ल्यांत कुत्री माणसांपेक्षा बरी असतात. पण माझ्या हाताखालच्या दोन मुली सर्वात चांगल्या निरीक्षक निघाल्या, कारण दुपारी घरात फक्त बायका असतात आणि पुरुष निरीक्षकाला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागतं. मोजणी त्यांना आत जाऊन करता यायची. जप्तीला मात्र कधीही एकटीने जाऊ नका. पोलीस बंदोबस्ताचं पत्र आधी द्या. स्वतःची टीम, स्वतःची गाडी असा हट्ट धरा.

पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आहे. छोट्या पालिकांत सहायक अनुदान लांबलं की तोही लांबतो, म्हणून सुरुवातीला गृहकर्जाचा हप्ता मोठा घेऊ नका. नावात 'कर' असलं तरी तुम्ही निवडणूक, स्वच्छ सर्वेक्षण, अतिक्रमण, बाजार वसुली, गाळ्यांची भाडी, यातलं काहीही कराल. तक्रार करण्यात अर्थ नाही, सगळे करतात. बढतीची वाट श्रेणी क वरून ब, मग अ अशी आहे, आणि पुढे मुख्याधिकारी गट ब पर्यंत दार उघडं आहे. पण जागा मोजक्या, ज्येष्ठता यादी आणि बिंदुनामावलीचे (आरक्षणानुसार जागांच्या क्रमाचे) वाद न्यायालयात रखडणारे. मला स्वतःला मुख्याधिकारीपद फक्त प्रभारी म्हणून मिळालं, सात महिने. त्या भरवशावर राहू नका. राज्यसेवेचा अभ्यास चालू ठेवा, परीक्षेला बसण्यासाठी कार्यालयाची परवानगी रीतसर घ्या, आणि जानेवारी ते मार्च अभ्यास होणार नाही हे आधीच धरून वेळापत्रक करा. मुख्याधिकारी म्हणून थेट निवड झालीच, तर दोन वर्षं कर विभागात काढलेला सीओ आणि न काढलेला सीओ यांतला फरक स्टाफला पहिल्या आठवड्यात कळतो.

शेवटी, रुजू व्हाल त्या दिवसाबद्दल. तुमच्या आधीचे निरीक्षक बदलून गेलेले असतील आणि चार्ज यादी तयार करून ठेवलेली असेल, 'सही करा मॅडम, बाकीचं बघू' असं कुणीतरी म्हणेल. कोरी पावती पुस्तकं स्वतः मोजा, प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा क्रमांक यादीत लिहा. अर्धवट वापरलेली असतील त्यांची शेवटची पावती बघा. त्याला दोन दिवस लागले तर लागू द्या. मग सही करा.